फिकट नावाची रेघ

घोडपदेव, मुंबई
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय रुपालीवहिनी,

जयभीम. पेन ड्राइव्हबरोबर कागद बघून तू हसशील. आजच्या काळात नणंद वहिनीला पत्र लिहिते म्हणजे एक तर भांडण आहे, नाही तर नणंदेचं लग्न ठरलंय. दोन्ही नाही. फोनवर लिहिलं तर ते तुला शाळेतून परतताना वरच्या वळणावर मिळणार, कारण वाडीत रेंज तिथेच, आणि तिथे तुझ्या खांद्यावरून निम्मी वाडी वाचणार. म्हणून कागद. दत्ताराम त्याची बस घेऊन लालबागहून निघतो, त्याच्या हातात देतेय. त्याने वाटेत पेन ड्राइव्ह हरवला नाही तर नशीब.

हे सगळं नानांसाठी. माझे वडील आता पुतण्याच्या, म्हणजे तुझ्या घरात दोन वर्षं राहतायत, तेव्हा त्यांचा स्वभाव मी तुला सांगायला नको. दिवाळीत मी आले होते तेव्हा त्यांनी माझ्या लॅपटॉपवर आईच्या तब्येतीचा चार्ट बघितला. ठिपक्यावर बोट नेलं की तारीख दिसते, आकडा दिसतो, हे बघून माणूस खूश. मी त्याचा छापील कागद देऊन आले होते, तर राजरत्नदादाकडून निरोप आला: "हे नुसतं चित्र आहे. ह्याला विचारलं तर काय बोलत नाय." त्यांना बोलणारा चार्ट हवाय. माझ्या शब्दावर विश्वास नाही, आईच्या तर नाहीच. दर रविवारी दादा त्यांना मोटारसायकलवर बसवून वळणावर आणतो, फोनवर आई म्हणते "मी बरी आहे", आणि ते विचारतात, "बरी म्हणजे किती?"

तर तुझ्या त्या शाळेतून मिळालेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये पेन ड्राइव्ह लाव. आत एकच पान आहे. त्यावर दोनदा टिचकी मारलीस की उघडेल, नेट लागणार नाही. वजन, हिमोग्लोबिन आणि बीपी, सगळं मराठीत लिहिलंय.

आईची तब्येत आहे तशीच आहे. पाय थोडे सुजतात. शीवच्या हॉस्पिटलात पुढच्या आठवड्यात तपासण्या आहेत. मी थकलेय, पण ते नेहमीचंच.

तुझी,
मनाली


आंबेखोल
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय मनाली,

जयभीम. पेन ड्राइव्ह पोचला. दत्तारामने तो तंबाखूच्या डबीत ठेवून आणला होता, धुऊन घ्यावा की काय अशी वेळ आली.

आता ऐक. पान उघडलं. वर ठळक अक्षरात "कमल यांची तब्येत" आणि खाली पांढरं फटक. रेघ नाही, ठिपका नाही, काही नाही. मी म्हटलं, नाना, बिघडलंय काहीतरी. तर म्हणाले, "थांब, येईल हळूहळू. लांबून आलंय." आणि बसले की समोर! मी भाकऱ्या केल्या, पोरांच्या वह्या तपासल्या, तरी नाना त्या पांढऱ्या पानाकडे बघतायत. शेवटी मीच लॅपटॉप मिटला.

मला हसू येत होतं, पण नंतर जे म्हणाले त्याने हसू गेलं. म्हणाले, "रुपाले, दाखवण्यासारखं नसेल म्हणून कोरं धाडलं असेल." मी खूप समजावलं, की मशीनची चूक असते, मनालीची नाही. ऐकून घेतलं फक्त. त्या दिवसापासून जेवणात लक्ष नाही. परवा यांना म्हणाले, दत्तारामच्या गाडीत जागा असते का विचार. मनाली, हे तुला कळावं म्हणून लिहिते. इथून मुंबईची धूळ लांब आहे म्हणून नाना चालतायत, बोलतायत. गेल्या वेळी तुमच्याकडे आले होते आणि कशी स्थिती झाली होती, तू विसरली नसशील. ऑक्सिजन लावून परत आणला होता माणूस.

लवकर नीट पान पाठव. आणि आईच्या तपासणीचं काय झालं तेही लिही. मला खरं लिही, नानांना काय सांगायचं ते मी बघेन.

तुझी,
रुपाली


घोडपदेव
१ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

चूक माझी. मी ऑफिसात दिवसभर हेच करते, लोअर परळला बसून दुसऱ्यांच्या साबणाच्या खपाच्या रेघा काढते, आणि घरच्या कामात शिकाऊ पोरीसारखी चुकले. पान सेव्ह केलं तेव्हा आकडे त्यात आले, पण त्या आकड्यांची रेघ काढणारी जी यंत्रणा असते ती नेटवरच राहिली. माझ्याकडे नेट कायम चालू, म्हणून मला ते ठणठणीत दिसलं. डब्यात पीठ भरून पाठवलं आणि तवा इथेच राहिला, असं झालं. या वेळी तवासुद्धा आत घातलाय. सगळं त्या एका फाइलच्या पोटात आहे, बाहेरून काही मागायची गरज नाही. फाइल फुगलीय, उघडायला वेळ घेईल. वायफाय बंद करून, फोन लांब ठेवून मी स्वतः उघडून बघितली. दिसते.

आता आईचं. तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. किडनी किती थकली ते सांगणारा एक आकडा असतो, क्रिएटिनिन. तुला सांगायला नको, तुझ्या सासऱ्यांच्या वेळी हा शब्द घरात सकाळ-संध्याकाळ होता. नानांनी थोरल्या भावाची सगळी दुखणी काढली, त्यांना तो शब्द पाठ आहे. हा आकडा दर तपासणीला वर चाललाय. डॉक्टर डायलिसिस म्हणतायत.

आईने मला समोर बसवलं आणि सांगितलं, "त्यांना कळलं तर ते येतील. आले तर धुळीत त्यांचं काय होईल ते तू बघितलंयस. मी जायची ती जाईन, माझ्यापाठी त्यांना कशाला?" खिडकीबाहेर तिन्ही बाजूंना टॉवर उठतायत, पुसलेल्या ताटावर तासाभरात बोट फिरवलं तर धूळ लागते. आईचं बरोबर आहे आणि तेच मला सोसत नाही.

म्हणून चार्टमध्ये मी ती एक रेघ बंद केलीय. चार्टखाली रेघांची नावं असतात. नावावर टिचकी मारली की ती रेघ जाते आणि नाव फिकट होतं. क्रिएटिनिनचं नाव तसं फिकट दिसेल. पुसूनच टाकायला हवं होतं, पण हीच फाइल मी डॉक्टरांना दाखवते आणि दोन-दोन फाइली सांभाळायची ताकद माझ्यात उरलेली नाही. नाना काय, ती छपाई खराब झाली समजतील. त्यांनी विचारलंच तर म्हण, जुनं काहीतरी आहे.

बाकी तीन रेघा चांगल्या दिसतात. खोटं एकही नाही त्यात. फक्त अपुरं आहे.

मनाली


आंबेखोल
२२ डिसेंबर २०२४

प्रिय मनाली,

कमलकाकींचं वाचून मामंजींचं शेवटचं वर्ष आठवलं. तुझा कागद मी चुलीत घातला, यांनासुद्धा दाखवला नाही. यांच्या पोटात काही राहत नाही, ते तुला माहीत आहे.

पण पान उघडलं बरं का! पहिल्या दिवशी नानांनी मला प्रत्येक ठिपक्याची तारीख वाचून दाखवली. "बघ, गणपतीत हिमोग्लोबिन कमी होतं, दिवाळीत वाढलं." मग वजनाच्या रेघेवर आले आणि चेहरा उजळला. म्हणाले, "कमळी जाड होतेय गो! आयुष्यभर काठीसारखी होती, आता कुठे अंगावर मांस धरतेय." मी मान हलवली आणि आत जाऊन उगाच भांडी घासली. ती सूज आहे हे मला कळत होतं आणि त्या माणसाला आनंद झाला होता.

आता रोज दुपारी मी शाळेत असताना ते लॅपटॉप उघडून बसतात. मी चालू कसा करायचा ते शिकवलंय. बोट जाडजूड, कुठेही लागतं, कधी चार्ट मोठा होतो, कधी गायब होतो, मग मी आल्यावर नीट करून देते. फिकट नावाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मी आल्यावर नजर टाकते, ते नाव फिकटच असतं. तेव्हा काळजी करू नको.

आणि एक चांगली बातमी. तुझ्या चार्टचा गुण आला. नाना सकाळी चालायला लागलेत. आधी अंगणापर्यंत जायचे, आता विहिरीपर्यंत जातात. वाटेत दोनदा बसतात, छातीवर हात ठेवतात, पण जातात. आम्ही इतकं सांगून ऐकलं नव्हतं. मन शांत झालं की शरीर साथ देतं, दुसरं काय?

जेवत जा. तुझ्या आवाजावरून तू वाळलेली वाटतेस.

रुपाली


घोडपदेव
१२ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा शीवला. तिसऱ्या मजल्यावरून आईला खुर्चीत बसवून चाळीतली पोरं खाली आणतात, टॅक्सीत घालतात, संध्याकाळी तशीच वर चढवतात. पोरं बिचारी हसतखेळत करतात, "काकी, पालखी निघाली" म्हणतात. आईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघते आणि साहेब माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघतो. खालच्या मजल्यावरच्या राधाबाई दिवसभर आईजवळ बसतात, नाही तर माझं काही खरं नव्हतं.

रविवारचा फोन आता कसा होतो ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. फोनच्या आधी आई मला केस विंचरायला लावते. नाना काय बघणार आहेत का? तरी. मग गॅसवर कुकर ठेवायला लावते, आत नुसतं पाणी. म्हणते, "शिट्टी होऊ दे, मग लाव." म्हणजे नानांना वाटावं की ही स्वयंपाक करतेय. एक घोट पाणी पिऊन, जेवढा दम असेल तेवढा गोळा करून ती बोलते. तू ऐकलंस तर म्हणशील, हिला काही झालेलं नाही. "औषध घेता का? सकाळी थंडीत फिरू नका. रुपालीला त्रास देऊ नका." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी कुकर उतरवून पाणी मोरीत ओतते.

नाना चालतायत हे वाचून मी रडले. बरं वाटलं म्हणून. आई म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते? तिकडेच त्यांचं भलं आहे." आम्ही जे करतोय ते बरोबर आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

नवीन पान पाठवतेय. डायलिसिसनंतर वजन खाली येतं, ते ठिपके नानांना खटकतील. सांग, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय म्हणून.

मनाली


आंबेखोल
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनाली,

नानांना वजनाचं खटकलं नाही. मी मिठाचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "असेल असेल," आणि विषय बदलला. मला आश्चर्य वाटलं, पण म्हटलं बरं झालं, एक खोटं वाचलं.

त्यांचं चालणं वाढलंय. आता विहाराच्या पायऱ्या चढतात. तुला आठवत असेल आपल्या विहाराचा चढ, जयंतीला आपणच धापा टाकतो. नाना रोज सकाळी जातात, थोड्या पायऱ्या चढून बसतात, परत चढतात. परवा मी शाळेत जाताना पाहिलं, ओठ निळे पडले होते. मी ओरडले. तर म्हणतात, "रुपाले, सवय व्हायला पायजे." मी म्हटलं, कसली सवय, ऑलिंपिकला जायचंय का? हसले आणि पुन्हा चढायला लागले. राजरत्नना तर आता काका म्हणजे कौतुकाचा विषय झालाय, येईल त्याला सांगतात.

हल्ली विचारतातही काहीबाही. तुमच्या चाळीच्या जिन्याला कठडा नीट केला का? राधाबाई अजून दुसऱ्या मजल्यावर स्टूल ठेवते का? मी म्हटलं मला काय माहीत, मनालीला विचारा रविवारी. तर म्हणाले नको, सहज आठवलं. जुन्या आठवणी येतात म्हाताऱ्या माणसांना.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. रविवारी फोन झाल्यावर ते लगेच मोटारसायकलवर बसत नाहीत. हे सांगत होते, नाना रस्त्याकडे पाठ करून थोडा वेळ उभे राहतात आणि मग म्हणतात, "चल, आवाज चांगला होता आज."

तू कशी आहेस ते एकदाही लिहीत नाहीस.

रुपाली


घोडपदेव
२ मार्च २०२५

वहिनी,

मी कशी आहे विचारतेस, तर मला कंटाळा आलाय. आईचा नाही, आजाराचा नाही. कोणापाशी काय बोलायचं आणि काय नाही हे लक्षात ठेवण्याचा. ऑफिसात सांगते आई बरी आहे, म्हणजे सुट्टी मागताना कमी लाज वाटते. आईला सांगते डॉक्टर खूश आहेत. नानांना चार्ट पाठवते. परवा ऑफिसात साबणाच्या चार्टमधली एक पडकी रेघ साहेबाने बंद करायला सांगितली, पाहुण्यांना दाखवायची नव्हती, आणि मी तिथेच रडायला लागले. कोणाला काही कळलं नाही.

गेल्या आठवड्यात डायलिसिस चालू असतानाच आईचं बीपी एकदम पडलं. दोन दिवस ठेवून घेतलं. रविवारचा फोन झाला नाही, ती झोपलीय म्हणून मी सांगितलं, ते तुला आठवत असेल. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की हृदयाला आता हा ताण फार दिवस झेपणार नाही. काही महिने मिळतील, कदाचित तेवढेही नाहीत. घरच्यांना बोलावून घ्या म्हणाले.

घरचे म्हणजे कोण, वहिनी? घरचे म्हणजे नाना.

मी आईला म्हटलं, आता सांगू या. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वचन घेतलं की नाही सांगणार. मी वचन दिलं आणि आता तुला विचारतेय. कळवलं तर ते येणार आणि ही हवा त्यांना घेऊन जाणार. नाही कळवलं तर एक दिवस दादाला फोन करून मी सांगणार की ती गेली, आणि मग त्या माणसाच्या तोंडाकडे मी कशी बघू? चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केलाय त्यांनी. तू सांग. तू म्हणशील ते करते. माझं डोकं चालत नाही.

पान पाठवतेय. तीच रेघ बंद आहे.

मनाली


आंबेखोल
१६ मार्च २०२५

प्रिय मनाली,

तुझं पत्र पदरात घेऊन आठ दिवस फिरले. शाळेत शिकवताना फळ्यावर भलतंच लिहिलं.

तू विचारलंस म्हणून सांगते, सांगू नको. मी कठोर आहे असं वाटेल तर वाटू दे. सध्या इथे शेतांत भाजावळ चालू आहे. परवा खालच्या शेताचा धूर घरात आला आणि नाना तासभर खाटेच्या काठाला धरून बसले होते, एक शब्द बोलता येत नव्हता. शेताच्या धुराने ही गत, तर तुमच्या तिथे? मामंजी गेले तेव्हा मी नवी सून होते. मरणाऱ्या माणसाजवळ बसायला मिळालं म्हणून कोणाचं दुःख कमी झालेलं मी पाहिलं नाही. कमलकाकींनी ठरवलंय ना, मग त्यांचं ऐक. त्यांच्या मनासारखं एवढं तरी होऊ दे.

हे लिहिताना नाना समोर बसलेत. विचारलं, "मनालीला लिहितेस? मलाही एक कागद दे." दिलाय. पाकीट बंद करून दिलं, मी उघडलं नाही. चार्टबद्दलच काहीतरी असेल. दत्तारामकडे दोन्ही देते.

रुपाली


आंबेखोल
१६ मार्च

चि. मनाली,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर वाईट, समजून वाच.

रुपालीवर रागावू नको. तिनं तोंड उघडलं नाही. मला दुसरा पेन ड्राइव आला तेव्हाच कळलं. माझं बोट सरळ लागत नाय, ते खालच्या फिक्या नावाला लागलं, आणि नाव काळं झालं आणि तांबडी रेघ उभी राहिली. मला वाटलं बिघडवलं मी. परत दाबलं, गेली. परत दाबलं, आली. मग नाव वाचलं. थोरल्याच्या वेळी तो कागद मीच आणायचो हॉस्पिटलातून. शेवटचा ठिपका बघितला आणि सगळं समजलं. कमळी जाड होत नव्हती, हेपण समजलं.

रुपाली शाळेतून यायच्या आत ती रेघ मी परत बंद करून ठेवायचो. रोज. ती बिचारी नाव बघून घ्यायची आणि तिला बरं वाटायचं. दरवेळी नवीन पान आलं की पहिली तीच रेघ बघायचो, मग बाकीच्या.

तू म्हणशील, मग नाना गप्प का बसले. तेव्हा निघालो असतो तर तुझ्या जिन्यातच बसलो असतो. तुला आईला उचलायचं का बापाला? म्हणून चालायला घेतलं. विहाराच्या पायऱ्या केल्या. आता तीन मजले बसत बसत चढेन असं वाटतं. चढलो नाय तर दुसऱ्या मजल्यावर राधाबाईकडे बसेन, पण येणार. छातीचं मला माहीत आहे. डॉक्टरनी सांगितलेलं विसरलो नाय. पण मनाली, मी इथे चांगल्या हवेत बसून काय करू? रविवारी तिचा आवाज ऐकतो, ती किती जोर लावून बोलते ते मला ऐकायला येतं. पाठीमागे कुकर वाजतो तेव्हा मला इथे उभं राहवत नाय.

दत्तारामशी बोललोय. पुढच्या खेपेला त्याच्या गाडीत येतो. रुपालीला मी गाडीत बसल्यावर सांगीन.

एक ऐक. आईला सांगू नको की मला कळलंय. मी म्हणेन करमत नव्हतं म्हणून आलो. तिनं इतके दिवस माझ्यासाठी केलं, ते तिला वाया गेलं असं वाटायला नको.

तुझा,
नाना


घोडपदेव
२० एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

तुझे दोन फोन घेता आले नाहीत, त्याबद्दल माफ कर. तू रागावलेली आहेस ते दादाकडून कळलं. नानांनी तुला गाडीत बसल्यावर खिडकीतून सांगितलं, हे त्यांनी चांगलं केलं नाही. पण त्यांनी आधी सांगितलं असतं तर तू गाडीपुढे आडवी पडली असतीस, हे त्यांना माहीत होतं.

दत्तारामने त्यांना चाळीच्या दारात आणून सोडलं. मी खाली गेले. पोरं खुर्ची घेऊन धावली तर नाना म्हणाले, "ती कमळीची खुर्ची आहे," आणि कठडा धरून चढायला लागले. प्रत्येक वळणावर बसले. दुसऱ्या मजल्यावर राधाबाईंनी स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. वर आले तेव्हा घाम टपकत होता, पण दारात थांबून त्यांनी आधी श्वास जुळवला, रुमालाने तोंड पुसलं आणि मगच आत पाऊल टाकलं.

आई पडूनच होती. बघितलं आणि उठून बसायला गेली. म्हणाली, "कोणाला विचारून आलात?"

नाना म्हणाले, "करमत नव्हतं."

"कोणी काही सांगितलं का?"

"कोण काय सांगणार? तुझी तब्येत चांगली चाललीय, चार्टात बघितलं. म्हटलं चार दिवस जाऊन येऊ."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. मग म्हणाली, "बसा. चहा टाकते." आणि खरंच उठायला लागली, वहिनी. मी खांद्याला धरून बसवलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. चांगलं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. जयंतीला चाळीत स्टेज होतं, लाउडस्पीकर होते, दोघं खिडकीला खुर्च्या लावून बसले होते. एवढ्या गोंगाटात ते काय बोलत होते कोण जाणे, पण बोलत होते. आईने त्या दिवशी खीर मागून घेतली आणि दोन चमचे खाल्ली. नानांना पहिल्या आठवड्यातच धुळीचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, यांना ताबडतोब गावी न्या. नाना म्हणाले, "बघू." एक भाड्याचं ऑक्सिजनचं मशीन आणलंय. आईसाठी आणलं असं त्यांनी आईला सांगितलंय आणि ती झोपली की ते स्वतः लावतात. ती जागी होते हे त्यांना माहीत नाही. ती डोळे मिटून पडून राहते.

डायलिसिसला जाताना आता आई खुर्चीत बसल्यावर हसते, कारण नाना दारात उभे असतात. टॅक्सीत बसली की माझा हात धरते आणि म्हणते, "आज मला फार थकवा आहे, पण त्यांना सांगू नको हां." घरी परतले की नाना मला गॅलरीत गाठतात आणि हळूच म्हणतात, "आज छातीत दुखत होतं, पण तिला बोलू नको." मी दोघांना हो म्हणते. मग आत जाऊन दोघांच्या मध्ये बसते, एकाच ताटात भात कालवते आणि दोघांना भरवते. दोघंही माझ्याकडे बघून सांगतात की आज बरं वाटतंय.

वहिनी, मे महिन्याची सुट्टी लागली की ये. राग असला तर रागातच ये. कामाला नको येऊस, काम मी करते. तू फक्त माझ्याजवळ बस. मला एका तरी माणसापाशी काहीही न लपवता बसायचंय.

तुझी,
मनाली